आधी छप्पर, मग रंग

जालना म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोखंडी सळया, बियाण्यांची पाकिटं आणि मोसंबी आठवते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हणही बाजारपेठेवरून पडलेली. या मुलखाचं अक्षरांशी असलेलं नातं मात्र फारसं कुणी सांगत नाही. अकबराच्या दरबारातला ‘ऐन-ए-अकबरी’चा कर्ता अबुल फजल काही काळ जालन्यात मुक्कामाला होता, असं गॅझेटियर सांगतं. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात आहे. आणि भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं पार सांचीच्या स्तूपावर दगडात कोरलेली आहेत. दान द्यावं आणि त्यावर आपलं नाव राहावं, ही रीत इथे दोन हजार वर्षं जुनी.

ती रीत आजही दिसते. मंठ्यापासून जाफराबादपर्यंत आठही तालुक्यांत कुठल्याही जुन्या वाचनालयात डोकवा. लोखंडी कपाटावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. पंख्याच्या पात्यांवर नाव, भिंतीवरच्या घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. मग मान जरा वर करा. छताच्या कोपऱ्यात ओल उतरलेली असते, चुन्याचे पोपडे सुटलेले असतात आणि त्याच्या बरोबर खालचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं असतं. आतल्या कादंबऱ्यांच्या पानांना पिवळी किनार आलेली, खालच्या कप्प्यात वाळवीने मातीची बारीक रेघ काढलेली. तिथल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक नोंदवहीत शाबूत असतात. पुस्तकं तेवढी हातात घ्यायच्या लायकीची उरलेली नसतात.

मराठवाड्यात वाचनालय ही नुसती पुस्तकांची खोली कधीच नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. सरकारी कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत चालायचं, सभा घ्यायची तर परवानगी लागायची. तेव्हा व्यायामशाळा, गणेशोत्सवाचे मेळे आणि वाचनालयं हीच माणसांनी एकत्र बसून मराठीत बोलायची ठिकाणं होती. पुढे हैदराबाद राज्याने 1955 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि 1967 मध्ये महाराष्ट्राचा कायदा आला. तमिळनाडू, कर्नाटकासारख्या राज्यांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसवला, महाराष्ट्राने तो बसवला नाही. त्यामुळे आपली वाचनालयं सरकारी अनुदान आणि गावाची देणगी या दोन काठ्यांवर उभी आहेत. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला, पण यातली कितीतरी वाचनालयं त्याही आधीची आहेत.

आता दुरुस्तीचा विषय निघाला की गावात दहा तोंडं दहा गोष्टी बोलतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना अभ्यासिका हवी असते. रात्री उशिरापर्यंत उघडी, टेबलागणिक प्लग, इंटरनेट आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. पेन्शनर मंडळींची मागणी साधी असते. सकाळी वर्तमानपत्रं वेळेवर यावीत, बाक नीट असावा आणि नव्या रचनेत आपल्याला जिन्यावर चढवू नये. बायकांचा मुद्दा अनेकदा बैठकीत मांडलाच जात नाही, कारण बैठकीला त्या नसतात. त्यांना बोलतं केलं तर स्वच्छतागृह, दुपारची वेळ आणि दारात न थांबलेली टोळकी, एवढ्यावर गोष्ट येते. शेतकऱ्याला शेतीची मासिकं हवीत. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये जिथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी उभी केली आणि कडवंची गावाने जिथे पाणलोटाच्या जोरावर द्राक्षं पिकवली, त्या जिल्ह्यात ही मागणी वाजवीच आहे.

सगळ्यांचं म्हणणं बरोबर असतं, अडचण तिथेच असते. मुलांचा आवाज मोठा, म्हणून पुष्कळ ठिकाणी नूतनीकरण म्हणजे कपाटं मागच्या खोलीत ढकलून पुढे टेबलं मांडणं एवढंच होतं. अभ्यासिका हवीच. पण मुलं स्वतःची पुस्तकं पिशवीतून आणतात आणि घेऊन जातात, वाचनालयाचं कपाट उघडतच नाही. देवघेवीच्या टेबलावर धूळ बसली, की त्या जागेला वाचनालय का म्हणायचं?

पैशाचं गणितही उघड आहे. 2022 मध्ये राज्याने अनुदानात 60 टक्के वाढ केली. तरी सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान तेव्हा वर्षाला 48 हजार रुपये झालं, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि विजेचं बिल. छपराचा खर्च यातून निघणार नाही. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, पण त्यासाठी आधी संस्थेचे कागद आणि जागेची मालकी चोख लागते.

मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचं उदाहरण इथे घ्यायला हवं. 1870ची ती इमारत दुरुस्त होऊन 2023 मध्ये वाचकांसाठी पुन्हा खुली झाली. तिथलं मोठं काम छपराचंच होतं. विसाव्या शतकात वर टाकलेला आणि गळू लागलेला काँक्रीटचा स्लॅब काढून मूळचं उतरतं छप्पर पुन्हा उभारलं गेलं. त्यांच्यासारखा निधी आपल्याकडे नाही, हे कबूल. पण क्रम तरी त्यांच्याकडून घेता येईल. आधी गळती, मग वायरिंग, मग वाळवीचा बंदोबस्त आणि कालबाह्य पुस्तकांचं रीतसर निर्लेखन, मग स्वच्छतागृह. रंग आणि कमान सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे मात्र कमान आधी येते, कारण कमानीवर नाव येतं. छपराच्या डांबरावर कुणाचं नाव लिहिता येत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही.

पण जालनेकरांनी बिननावाचं काम केलेलं आहे. निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव एकेकाळी केवळ उतारावरून शहराला पाणी पोचवायचा. तो गाळाने भरला, तेव्हा घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने लोकांनी पदरचे पैसे घालून गाळ उपसला. 2012-13च्या दुष्काळाने जिल्हा होरपळला, तेव्हा या कामाचं मोल सगळ्यांना कळलं. उपसलेल्या गाळावर कुणाची पाटी लागली नव्हती. तो शेतात पसरला आणि पिकं उभी राहिली.

म्हणून आपल्या गावच्या वाचनालयाची पुढची बैठक लागेल तेव्हा दोन गोष्टी करा. बैठक बायकांना आणि मुलींना जमेल अशा वेळी ठेवा. आणि देणगीच्या वहीत पहिल्या पानावर ‘छप्पर’ असा एकच मथळा लिहून त्याखाली पहिली रक्कम स्वतःची टाका, नाव न घालता. मृगाच्या आधी ते पान भरलं पाहिजे.