बोटांवरची भाषा ओठांवर

लोकलमध्ये किंवा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मोबाइलवर मान खाली घालून बसलेला प्रत्येक तरुण रील्सच बघत असतो असं नाही. एखाद्याच्या पडद्यावर हिरवं घुबडही असतं आणि ते त्याला जर्मन किंवा जपानी वाक्यं जुळवायला लावत असतं.

हे घुबड डुओलिंगोचं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले प्राध्यापक लुईस फॉन आन आणि त्यांचा विद्यार्थी सेवेरिन हॅकर यांनी उभारलेलं हे ॲप २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालं. फॉन आन मूळचे ग्वाटेमालाचे. इंग्रजी आली तर कमाई वाढते, पण ती शिकायलाच आधी पैसे लागतात, हा पेच त्यांनी तिथे जवळून पाहिला होता. म्हणून मूळ धडे फुकट.

अशा ॲपांची खरी ताकद मात्र घुबडात नाही, उजळणीच्या वेळापत्रकात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ केले, ते किती वेगाने विसरले जातात ते मोजलं आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर निसटतं. तीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांवर विभागली, तर जास्त टिकते. पुढे १९७२मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी पत्त्यांसारखी शब्दकार्डं आणि कप्प्यांची पेटी सुचवली : शब्द आला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्यात. २००६पासून उपलब्ध असलेलं ‘अँकी’ हे ॲप हाच हिशेब संगणकावर ठेवतं. हजारभर शब्दांपैकी आज कोणते विचारायचे, हे कुठल्याही शिक्षकाला लक्षात ठेवता येणार नाही. इथे यंत्रच बरं.

अडतं ते बोलण्यापाशी. चार पर्यायांतून अचूक उत्तर ओळखणं वेगळं आणि समोरचा वाट बघत असताना वाक्य तयार करणं वेगळं. ॲपवर सलग सरावाच्या दिवसांचा आकडा वाढत जातो, तसा आपल्याला भाषा येते असा गोड गैरसमजही वाढतो. पुण्यात जपानी शिकण्याची जुनी परंपरा आहे. तिथली मुलं देतात त्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत वाचन आणि श्रवण असतं, पण संभाषणाची चाचणीच नाही. त्यामुळे ॲपवर तयारी करणाऱ्यांनी तोंड उघडण्याची सोय स्वतःच करायला हवी.

जर्मनीत तर बोलणं टाळताच येत नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२, म्हणजे सहज संभाषण करता येईल इतक्या पातळीची जर्मन लागते. ‘कुठे दुखतंय?’ या प्रश्नाला घाबरलेला रुग्ण पर्याय देत नाही. तेव्हा वर्ग आणि शिक्षक हवेतच. शब्दांची हमाली ॲपवर सोपवली, की वर्गातला वेळ बोलायला उरतो.

परदेशी जायचं नसलं तरी सराव घराजवळ सापडतो. केंद्र सरकारच्या ‘भाषा संगम’ ॲपवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांमधली रोजच्या वापराची प्रत्येकी १०० वाक्यं आहेत. नोकरीसाठी बंगळूरुला निघालेल्या मुलीने त्यातली दहा कन्नड वाक्यं मोठ्याने घोकावीत आणि पोहोचल्यावर पहिल्याच रिक्षावाल्यावर आजमावावीत. तो भरधाव कन्नडमध्ये उत्तर देणार हे धरूनच चालावं आणि ‘जरा सावकाश बोला’ हे अकरावं वाक्य आधीच पाठ करून ठेवावं.