विश्लेषण : पगार नाही, साहेब नाही, तरी ७० हजार पॅकेजेसचा कारभार… ‘डेबियन’चे स्वयंसेवक नेमके काय करतात?

मार्च २०२४. मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉइंड ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेत होते. त्यांच्या चाचणीच्या संगणकावर ‘डेबियन’ या लिनक्सची अजून तयार होत असलेली आवृत्ती होती. दूरच्या संगणकात लॉग-इन करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एसएसएच’ला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. एवढ्याशा विलंबाकडे दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केले असते. फ्रॉइंड मागे लागले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केले की, ‘एक्सझेड’ या फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. हे सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्स संगणकात असते. चोरदरवाजा लाखो सर्व्हरपर्यंत पोहोचण्याआधी पकडला गेला. पण त्यामुळे एरवी कुणाच्या नजरेस न पडणारी एक व्यवस्था चर्चेत आली. लिनक्समधील हजारो सॉफ्टवेअर गोळा करून, तपासून, वेळेवर लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांची ही व्यवस्था आहे. ती कशी चालते आणि तिची दुखरी नस कोणती, ते पाहू.

‘डेबियन’ काय आहे?

लिनक्स हे खरे तर केवळ कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे नाव. त्यावर ब्राउझर, ऑफिस, फॉन्ट, प्रिंटर ड्रायव्हर असे सारे रचावे तेव्हा वापरण्याजोगी सिस्टीम तयार होते. या रचलेल्या संचाला डिस्ट्रिब्युशन किंवा ‘डिस्ट्रो’ म्हणतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. तेव्हाची त्यांची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन या दोन नावांतून ‘डेबियन’ हे नाव आले.

आज डेबियनची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही. जगभरातील सुमारे हजार अधिकृत डेव्हलपर आणि त्यांच्या जोडीला इतर असंख्य योगदानकर्ते ती चालवतात. उबुंटू डेबियनवरच उभी आहे. रास्पबेरी पायसोबत मिळणारी सिस्टीमही डेबियनवरच बेतलेली आहे. मुख्यालय पुण्यात असलेल्या ‘सी-डॅक’ने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही त्याच घराण्यातली. म्हणजे डेबियनचे नावही न ऐकलेला विद्यार्थी कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू वापरतो, तेव्हा तो या स्वयंसेवकांचेच काम वापरत असतो.

पॅकेज मेंटेनर काय करतो?

सॉफ्टवेअर लिहिणारा एक आणि ते डेबियनमध्ये आणणारा दुसरा, अशी ही विभागणी आहे. मूळ लेखकाने कोड प्रसिद्ध केला की मेंटेनर तो घेतो आणि डेबियनच्या नियमांनुसार ‘पॅकेज’ तयार करतो. हे सॉफ्टवेअर चालण्यासाठी आणखी काय काय लागते, फाइल्स कुठे बसतील, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना वापरकर्त्याच्या सेटिंग कशा जपायच्या, याची तपशीलवार कृती तो लिहून ठेवतो. वापरकर्ता ‘एपीटी’ची एक कमांड देतो आणि सगळे आपोआप बसते, ते या कृतीमुळे.

पॅकेज पहिल्यांदाच येत असेल तर त्याला वेगळ्या रांगेत थांबावे लागते. तेथे स्वयंसेवक परवाना तपासतात. फुकट मिळते म्हणजे मुक्त असते, असे डेबियन मानत नाही. कोड वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा नसेल तर ते सॉफ्टवेअर मुख्य संग्रहात घेतले जात नाही. १९९७ मध्ये स्वीकारलेल्या ‘सोशल काँट्रॅक्ट’मध्ये ही अट आहे. आपल्या अडचणी लपवणार नाही, असे वचनही त्यात आहे. त्यामुळे डेबियनमधील जवळपास प्रत्येक बग कुणालाही वाचता येतो.

काम तिथे संपत नाही. बगच्या तक्रारींना उत्तर देणे, दुरुस्ती मूळ लेखकाकडे पाठवणे, सुरक्षेचा धोका कळला तर जुन्या आवृत्तीतही दुरुस्ती बसवणे, हे वर्षानुवर्षे चालते. देवनागरीसाठीचा ‘लोहित’ फॉन्ट किंवा लिबरऑफिसचे मराठी रूप डेबियनमध्ये सहज बसवता येते, यामागेही असेच कुणाचे तरी हात असतात.

नवी आवृत्ती कशी ठरते?

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील पात्रांची नावे दिली जातात. हा चित्रपट बनवणाऱ्या पिक्सारमध्ये काम करणारे ब्रूस पेरेन्स डेबियनच्या सुरुवातीच्या काळात त्याचे नेतृत्व करत होते, त्यातून ही प्रथा पडली. नवे पॅकेज सर्वप्रथम ‘अनस्टेबल’ या विभागात येते. त्याचे नाव कायम ‘सिड’ असते. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा, तोच हा सिड.

सिडमध्ये आलेले पॅकेज साधारणपणे पाच दिवस तिथे थांबते. तातडीचे असेल तर दोन दिवस, घाई नसेल तर दहा. या काळात ते वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर बांधून पाहिले जाते, स्वयंचलित चाचण्या होतात आणि सिड वापरणारे धाडसी लोक तक्रारी नोंदवतात. गंभीर बग निघाला नाही तर पॅकेज ‘टेस्टिंग’ विभागात सरकते. हाच टेस्टिंग विभाग साधारण दोन वर्षांनी ‘स्टेबल’ म्हणजे अधिकृत आवृत्ती होतो.

त्यासाठी रिलीज टीम ‘फ्रीझ’ जाहीर करते. डेबियन १३, म्हणजे ‘ट्रिक्सी’चे वेळापत्रक पाहिले तर हे लक्षात येते. १५ मार्च २०२५ पासून एकमेकांवर अवलंबून असलेल्या मोठ्या बदलांना बंदी आली. १५ एप्रिलपासून नवी पॅकेजेस थांबली. १५ मेपासून नियम आणखी आवळले गेले. २७ जुलैपासून प्रत्येक बदलाला रिलीज टीमची परवानगी सक्तीची झाली. अखेर ९ ऑगस्ट २०२५ रोजी ट्रिक्सी बाहेर आली. त्यात ६९,८३० पॅकेजेस होती. १४ हजारांहून अधिक नवी आली, तर ८,८०० हून अधिक जुनी काढून टाकण्यात आली. परीक्षेच्या आधी अभ्यासक्रम बंद करून फक्त उजळणी करावी, तसे फ्रीझचे महिने असतात.

इथे एक नियम कठोर आहे. पॅकेजमध्ये गंभीर बग असेल आणि तो कुणी सोडवला नाही, तर ते पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप बाहेर काढले जाते. महत्त्वाच्या ठरवलेल्या पॅकेजेसना यातून सूट मिळते. मेंटेनर कितीही ज्येष्ठ असला तरी आवृत्ती त्याच्यासाठी थांबत नाही.

कुणी कुणाचा साहेब नाही, मग काम कसे होते?

डेबियनला लिखित घटना आहे. त्या घटनेनुसार प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन कुणावरही नाही. दरवर्षी डेव्हलपर मतदानाने प्रकल्पप्रमुख निवडतात. मतपत्रिकेवर ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्यायही असतो. २०२४ च्या निवडणुकीत जर्मनीचे आंद्रेयास टिले आणि केरळच्या श्रुती चंद्रन हे दोन उमेदवार होते, टिले निवडून आले. पण प्रमुखालाही कुणाला ‘हे आजच्या आज करून द्या’ असा आदेश देता येत नाही.

मग मेंटेनर गायब झाला तर? त्यासाठी वेगळी टीम आहे. ती महिनोन्महिने उत्तर न देणाऱ्या मेंटेनरशी संपर्क साधते. प्रतिसाद नसेल तर पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते आणि ते दत्तक घेण्याचे आवाहन केले जाते. तातडीची दुरुस्ती असेल तर दुसरा डेव्हलपरही ती करू शकतो. मात्र शिष्टाचार म्हणून अनेकदा ती काही दिवसांच्या रांगेत ठेवली जाते, म्हणजे मूळ मेंटेनरला आक्षेप घ्यायला वेळ मिळतो.

विश्वासाची तपासणीही माणसांमार्फतच होते. अधिकृत डेव्हलपर होण्यासाठी उमेदवाराचे आधीचे काम पाहिले जाते. त्याच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात. त्या मिळवण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे समोरासमोर भेटून ओळखपत्र दाखवणे. दरवर्षी होणाऱ्या ‘डेबकॉन्फ’ परिषदेत अशा भेटी होतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ही परिषद पहिल्यांदाच भारतात, कोचीला भरली होती.

स्वयंसेवकांच्या हातून चुका होत नाहीत का?

होतात, आणि महागही पडतात. २००६ मध्ये डेबियनच्या ‘ओपनएसएसएल’ पॅकेजमधून कोडच्या काही ओळी काढल्या गेल्या. एका तपासणी टूलने त्या ओळींबद्दल इशारा दिला होता, म्हणून हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. संगणकाला त्या सगळ्या तपासून पाहणे अवघड नसते. हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला आणि जगभरातील प्रशासकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. जवळपास दोन वर्षे कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

‘एक्सझेड’ प्रकरणात काय घडले?

२००८ मध्ये चूक होती, २०२४ मध्ये कट होता. एक्सझेड अनेक वर्षे प्रामुख्याने लासे कॉलिन हे एकटेच सांभाळत होते. मानसिक आरोग्याच्या अडचणींमुळे आपण मागे पडलो आहोत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, हे त्यांनी २०२२ मध्येच जाहीरपणे सांगितले होते. त्याच काळात काही अनोळखी खात्यांनी कामाला उशीर होतो म्हणून त्यांच्यावर दबाव आणला. दुसरीकडे ‘जिया तान’ या नावाने कुणीतरी सतत मदत करत राहिले. हळूहळू त्याला सहमेंटेनरचे अधिकार मिळाले. दोनएक वर्षांच्या मेहनतीनंतर त्याने आवृत्ती ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा घातला. त्याचा काही भाग चाचणीसाठीच्या फाइल्समध्ये लपवलेला होता. तो जागा करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, फक्त डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात होता.

नवी आवृत्ती लवकर घ्यावी, अशी विनंती डेबियनकडेही एका अनोळखी खात्यावरून आली. ती सिडमध्ये आली आणि तिथून टेस्टिंगमध्येही पोहोचली. शिवाय एसएसएच मुळात एक्सझेड वापरतच नाही. डेबियनसह काही डिस्ट्रोंनी सोयीसाठी केलेल्या एका जोडणीमुळे ते दोघे एकत्र आले होते. ही जोडणी डेबियनने नंतर काढून टाकली.

मात्र स्टेबल आवृत्ती सुरक्षित राहिली, कारण तिच्यात जुनेच एक्सझेड होते. ‘डेबियनमधील सॉफ्टवेअर शिळे असते’ अशी तक्रार नेहमी होते. तोच शिळेपणा या वेळी कामी आला. चोरदरवाजा कळताच स्वयंसेवकांनी जुने एक्सझेड परत बसवले. पॅकेजचा आवृत्ती क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून त्याला ‘५.६.१+रिअली५.४.५’ असा क्रमांक दिला गेला. म्हणजे नाव ५.६.१, पण आत खरोखर ५.४.५! एप्रिलमध्ये ठरलेली स्टेबलची दुरुस्त आवृत्ती १२.६ तपासणीसाठी पुढे ढकलली गेली आणि २९ जूनला आली.

पैसा कुठून येतो?

देणग्या आणि नोंदणीकृत नाव सांभाळण्यासाठी ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही अमेरिकेतील ना-नफा संस्था आहे. देणग्यांतून हार्डवेअर, परिषदा आणि प्रवासाचा खर्च भागतो. बहुतेक पॅकेजिंगचे काम विनामोबदला होते. काही डेव्हलपरांना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात. आवृत्तीला तीन वर्षे नियमित आणि त्यानंतर दोन वर्षे ‘दीर्घकालीन’ सुरक्षा आधार मिळतो. या शेवटच्या दोन वर्षांसाठी मात्र काही कंपन्या एकत्र येऊन डेव्हलपरांना मानधन देतात.

पुढे धोका कुठे आहे?

एक्सझेडमध्ये आधी कोड फुटला नाही, थकलेला माणूस एकटा पडला. तपासणीचे नियम, सह्या, फ्रीझ हे सगळे चाळणीसारखे काम करते. पण चाळणी धरायला माणसे लागतात. डेबियनमधील अनेक पॅकेजेस आता एका व्यक्तीऐवजी टीमकडे आहेत. मूळ कोडमधून तंतोतंत तेच पॅकेज पुन्हा बांधता येते का, हे पडताळण्याचे कामही जोरात सुरू आहे. तसे झाले तर बांधणीच्या वेळी कुणी काही मिसळले की ते उघडे पडेल. मात्र एक्सझेडसारखे विष मूळ गठ्ठ्यातच असेल, तर ते ओळखायला कोड वाचणारी नजरच लागते.

दूरचा विचारही याच माणसांना करावा लागतो. १९ जानेवारी २०३८ रोजी जुन्या ३२ बिट पद्धतीने सेकंद मोजणाऱ्या संगणकांची मोजणी संपणार आहे. त्यासाठीचा बदल ट्रिक्सीत बहुतांश ३२ बिट सिस्टीमवर आजच करून झाला आहे. डेबियन १४ चे नावही ठरले आहे, ‘फोर्की’. त्यातली पॅकेजेस सिडमध्ये येऊ लागली आहेत. त्यांतल्या प्रत्येकासाठी कुणीतरी नोकरीवरून घरी आल्यावर लॅपटॉप उघडून बसणार आहे. तसे करण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नाही.