तापल्या हवेतलं हेलिकॉप्टर

१ मे २०१९. गडचिरोलीत कुरखेड्याजवळ जांभूळखेड्यात नक्षलवाद्यांनी पेरलेला भूसुरुंग फुटला. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. या जंगलात रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून आकाशाकडे पाहावं लागतं.

जखमींना न्यायचं ते नागपूर कुरखेड्याहून सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर. हेलिकॉप्टरला पाऊण तासही लागत नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये मर्दिनटोल्याच्या चकमकीतल्या जखमी जवानांना असंच नागपूरला हलवलं होतं. नक्षलविरोधी कामासाठी हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरंही मध्य भारतात वापरली गेली आहेत.

पण खरा पेच हवेचा आहे. तेंदूपत्ता तोडणीच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, इथं पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली हवा विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी! पात्यांना ढकलायला हवाच कमी, आणि इंजिनाचा दमही उणा. मग वजन कमी करायचं: इंधन थोडं, माणसं थोडी. जखमींना न्यायचं तर हा हिशेब उडण्याआधीच मांडावा लागतो.

उतरायचं कुठं, हा दुसरा पेच. एमआय-१७च्या फिरत्या पात्यांचा व्यासच २१ मीटरचा, म्हणजे सागाच्या गर्दीत मोकळं मैदान हवं. वारा कुठला, हे वैमानिकाला खालून सोडलेल्या रंगीत धुरावरून कळतं. मग उतरताना धुळीचा असा लोट उठतो की जमीनच दिसेनाशी होते.

गावात कधी हेलिकॉप्टर उतरलं, तर लांबूनच बघा. शेपटीकडे तर फिरकूच नका. तिथला छोटा पंखा फिरताना डोळ्यांना दिसत नाही.