दारफाळणीच्या दिवशी घरातली पोरं काय करतात?

येळ्ळूरच्या घरात एकादशी आली म्हणून लहान पोरांचं काही अडत नाही. उलट त्यांची चंगळच असते. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळी, केळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे काही उगाच म्हणत नाहीत. महाशिवरात्रीलाही तेच. राजहंसगडावरच्या सिद्धेश्वराला जाऊन आलं की पोरं थेट फराळावर बसतात.

खरी पंचाईत हरतालिकेला होते. आईने पाण्याचा घोटही घेतलेला नसतो आणि तीन वर्षांचं लेकरू दर अर्ध्या तासाला काहीतरी मागत असतं. मग त्याला शेजारच्या काकूंकडे पाठवायचं, नाहीतर हातात मोबाईल द्यायचा. संध्याकाळ कशीतरी होते.

आता यात थोडी भर घाला. उपास साधारण पंचवीस तासांचा आणि पाण्याशिवाय. आईच नाही, तर बाबा, आजी, आजोबा सगळेच उपाशी. चूल पेटवायची नाही, टीव्ही-मोबाईल लावायचा नाही, गाडी काढायची नाही. जुन्या रिवाजाप्रमाणे घराचं दारसुद्धा उघडायचं नाही. मग पोरांचं काय?

हा प्रश्न काही हवेतला नाही. मराठी बोलणाऱ्याच एका समाजाच्या घरांत तो दरवर्षी येतो. हा समाज म्हणजे कोकणातले बेने इस्राएल, अर्थात मराठी ज्यू.

त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि पुढचा सगळा समाज त्यांचा. गावोगावी तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं आपल्यासारखीच गावावरून पडलेली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. मराठी ज्यू त्याला सिनेगॉग म्हणण्याऐवजी 'मशीद'च म्हणत आले. पुढे बरीच कुटुंबं इस्राएलला गेली. दिमोना, लोद, अश्दोद, बेअरशेबा या गावांत आजही मराठी ऐकू येते आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलं आहे. राज्याच्या सीमेपलीकडे मराठी कशी टिकते हे आपल्याला नवं नाही. ही माणसं तर समुद्रापलीकडे गेली.

ज्यूंचा सगळ्यात मोठा उपास म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्यांच्या तिश्री महिन्याच्या दहाव्या तारखेला तो येतो. बेने इस्राएलांनी त्याला ठेवलेलं नाव अस्सल मराठी आहे: दारफाळणीचा सण. काही जण दरफळणी म्हणतात. अर्थ एकच, दारं लावून घेण्याचा सण. आदल्या दिवशी गरम आणि गार पाण्याने न्हायचं, पांढरे कपडे घालायचे, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं आणि दार लावायचं. दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत बाहेरच्यांशी संबंध नाही. जेवण आणि पाणी नाहीच. शिवाय अंघोळ नाही, अंगाला तेल-अत्तर नाही, पायात चामड्याची चप्पल नाही.

ज्यू धर्मशास्त्राने या दिवसापुरती मुलांची बाजू फार स्पष्ट ठरवून ठेवली आहे. आपल्याकडे असं लिखित काही सहसा विचारात घेतलं जात नाही, म्हणून ते नीट सांगायला हवं. पूर्ण उपास बंधनकारक होतो तो मुलीला बाराव्या आणि मुलाला तेराव्या वर्षानंतर. साधारण नऊ-दहा वर्षांपासून धडधाकट मुलाला सवय लावायची, तीही तासातासाने. रोज आठला खाणाऱ्या मुलाला त्या दिवशी नऊला द्यायचं, इतकंच. नऊच्या आतल्या मुलाला मात्र उपास घडवायचाच नाही, त्याने स्वतः हट्ट धरला तरी. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीज या मोठ्या धर्मपंडिताने हे नेमकं लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडे 'आमच्या बाळ्याने पण उपास धरला बघा' असं कौतुकाने सांगितलं जातं. खिचडीच्या उपासाला ते शोभतं. निर्जळी उपासात पाच वर्षांच्या मुलाचं असलं कौतुक करू नये. लहान शरीरात साठवण कमी असते, पाणी लवकर कमी पडतं आणि पोर चक्कर येईपर्यंत खेळत राहतं.

म्हणजे मुलांनी खायचं आणि त्यांना खाऊ घालणारी माणसं उपाशी. योम किप्पूरला शब्बाथसारखीच सगळ्या कामांना बंदी असते, विस्तव पेटवणं आणि शिजवणं त्यातच आलं. त्यामुळे मुलांचं सगळं आदल्या दिवशीच तयार लागतं. चपात्या, उकडलेली अंडी, फळं, कोरडा खाऊ, भरून ठेवलेलं पाणी. प्रत्येक वेळचा डबा वेगळा भरलेला बरा, कारण उपाशी माणसाला पातेल्यात डाव घालून वाढायचंही जिवावर येतं, वासाने तर पोटात कालवतं. हात धुण्याचीही बंदी असते, पण लेकराला भरवण्यासाठी हात धुवायला मोकळीक आहे.

पोट भरलं तरी पंचवीस तासांतले जागे तास उरतातच. पाटी, रंगाचे खडू, कात्री, कागद बाद, कारण लिहिणं, चितारणं, कापणं हेही कामातच मोडतं. सेलवरची खेळणी बाद, मोबाईल तर नाहीच. उरतात ते आपल्या आज्यांच्या काळातले खेळ. गजगे, चिंचोके, चूल-बोळकी, ठोकळे, बाहुल्या, दुकान-दुकान. त्यातही उपाशी माणसाला झेपतील असे निवडावे लागतात. सगळ्यात सोयीचा डॉक्टर-पेशंट. मोठ्या माणसाने पेशंट व्हायचं आणि नुसतं आडवं पडायचं. पोरं तासभर नाडी बघतात. आणखी एक युक्ती म्हणजे दोन आठवडे आधी दोन-चार खेळणी माळ्यावर टाकून द्यायची आणि त्याच दिवशी खाली काढायची. जुनंच खेळणं नव्यासारखं चालतं.

दिवसाचा क्रम महत्त्वाचा. सकाळी मोठ्यांच्या अंगात त्राण असतं, तेव्हा धावपळीचे खेळ उरकायचे. दुपारी झोप, मुलांची आणि जमलं तर आपलीही. चारनंतर डोकं दुखायला लागतं, चहाची सवय असलेल्यांचं तर हमखास. तो वेळ गोष्टीचा. योगायोग असा की त्याच दुपारच्या प्रार्थनेत योनाचा ग्रंथ वाचतात. देवाने सांगितलेलं काम टाळून योना जहाजाने पळतो, वादळ उठतं, खलाशी त्याला समुद्रात टाकतात आणि मोठा मासा त्याला गिळतो. तीन दिवस तो माशाच्या पोटात! लहान मुलाला यापेक्षा भारी गोष्ट कुठली सांगणार? ज्यांचे पूर्वज फुटल्या जहाजातून नवगावला लागले असं मानतात, त्यांच्या घरात तर ती आणखीच जवळची वाटत असणार.

आता सगळीच घरं दिवसभर दार लावून बसत नाहीत. बराचसा दिवस प्रार्थनेसाठी सिनेगॉगमध्ये जातो. तिथे दुसरा प्रश्न येतो: आई-बाबा दोघांनाही प्रार्थना हवी, मग पोर कोणाकडे? पाळी लावणं हाच उपाय. एक जण आत, एक जण बाहेर. उपास न झेपणारी दहा-अकरा वर्षांची मुलं इथे फार कामाला येतात. धाकट्यांना सांभाळण्याचं काम दिलं की आपणही सणात आहोत असं त्यांना वाटतं.

जिवाशी खेळ मात्र नको, हेही शास्त्रच सांगतं. जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं. बाळंत होऊन तीन दिवस झाले नसतील तर त्या बाईने उपास करायचाच नाही. अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध कमी पडत असेल, बाळाला त्रास होत असेल, तर डॉक्टर आणि धर्मगुरूंना विचारून थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी घेता येतं. हरतालिका धरणाऱ्या आपल्याकडच्या ओल्या बाळंतिणींनी आणि त्यांच्या सासवांनी एवढं तरी उचलावं. निर्जळी असताना बाळाला कडेवर घेऊन जिना चढणं, विहिरीवर जाणं हेही टाळलेलं बरं. चक्कर सांगून येत नाही.

इस्राएलमध्ये या दिवसाची वेगळीच गंमत आहे. टीव्ही-रेडिओ बंद, विमानतळ बंद, रस्त्यावर जवळपास एकही गाडी नाही. मग फारसं धर्म न पाळणाऱ्या घरांतली मुलं सायकली घेऊन सरळ हमरस्त्यावर उतरतात. पुणे-बेंगळूर हायवेवर दिवसभर फक्त पोरं सायकल चालवताहेत असं चित्र डोळ्यांसमोर आणा. सणाआधी तिथल्या दुकानांत सायकलींचा खप वाढतो. धर्म कडक पाळणारे सायकल चालवत नाहीत, पण मोकळ्या रस्त्यावरून मुलांना घेऊन पायी फिरतात.

2025 साली योम किप्पूर 2 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका दसऱ्यालाच आला होता. मुंबई-ठाण्यात बाहेर सोनं लुटणं चाललेलं आणि ज्यू घरांत पाण्याचा घोटही नाही. अशा दिवशी खिडकीतल्या पोराला आत ओढणं सोपं नाही. 2026 मध्ये उपास 20 सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन 21 ला रात्री सुटेल. म्हणजे भर गणेशोत्सवात.

उपास सुटतो तो आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर. शेवटचा तास सगळ्यात लांब असतो. चांदण्या शोधायला पोरांनाच खिडकीत बसवावं, त्यांच्याइतकं चिकाटीने ते कोणी करणार नाही. सिनेगॉगमध्ये शेवटी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, लांब फुंकतात. दिवसभर कंटाळलेली मुलंही त्या आवाजासाठी पुढे घुसतात. मग घरी भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत आणि रवा-खोबऱ्याचं गोड सारण भरलेल्या पुऱ्या. नाव पुरी असलं तरी ती आपल्या करंजीची चुलत बहीण. पुऱ्या अर्थातच आदल्या दिवशी तळून ठेवलेल्या असतात, आणि त्यातल्या किती चांदण्या दिसायच्या आधीच संपल्या याचा हिशोब नऊच्या आतल्यांना विचारायचा नसतो.

दुसरा दिवस 'शिळा सण'. लावलेली दारं उघडतात, गोरगरिबांना दानधर्म होतो आणि नातेवाइकांकडे जाणं-येणं सुरू होतं.