सर्पाची अंडी आणि माणसाची घाई

परभणी जिल्ह्यात अरण्य म्हणावे असे क्षेत्र अत्यल्प आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची काळी जमीन बहुतेक सारी लागवडीखाली आलेली असल्यामुळे अंडी घालण्यासाठी सर्पांना उरलेली आश्रयस्थाने म्हणजे बांधावरचे वारूळ, उंदरांची बिळे, आखाड्यावरच्या कडब्याच्या गंजीचा तळ, जुना उकिरडा, नाहीतर एखाद्या पडक्या माळवदाची मातीची भिंत. नेमक्या याच जागा मृगापूर्वीच्या मशागतीत उकरल्या जातात, आणि मग गंगाखेड असो की जिंतूर, पांढऱ्या लांबट अंड्यांचा पुंजका सापडल्याची इत्तला कोणा तरुण सर्पमित्राकडे येते. अशा अंड्यांची जबाबदारी ज्याच्यावर प्रथमच येऊन पडते, त्याला पुढच्या दोन महिन्यांत सल्ल्यांची वाण पडत नाही. परंतु त्यांतील बरेचसे सल्ले कोंबड्यांच्या खुराड्यावरून किंवा ऐकीव कथांवरून बेतलेले असल्याने त्यांची एकदा रीतसर तपासणी होणे इष्ट आहे.

गैरसमज १ : सापाची अंडी हौसेखातर घरी उबवण्यास कोणाची हरकत नसते.

वस्तुस्थिती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम २(१६) ने ‘शिकार’ या संज्ञेत केवळ प्राण्याचा वध धरलेला नाही, सरपटणाऱ्या वन्य प्राण्यांची अंडी फोडणे, त्यांस इजा पोहोचवणे, किंबहुना ती अंडी अथवा त्यांची जागा विस्कटणे हेही त्या व्याख्येत येते. म्हणून अंडी दिसताच ती डब्यात भरण्यापूर्वी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, आणि जागा सुरक्षित असेल तर ती पूर्ववत झाकून तेथून निघून जावे, यासारखा दुसरा उपाय नाही. कृत्रिम उबवणुकीची तजवीज करायची ती जागाच उद्ध्वस्त झाली असेल तर, आणि तीही वनविभागाच्या अनुमतीने व देखरेखीखाली. शहरांतून पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथनसारख्या परदेशी अजगरांची बाब निराळी. परंतु तेथेही २०२४ च्या नियमांन्वये बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन आहेच.

गैरसमज २ : धामण ही नागाची मादी, तिच्या अंड्यांतून नागही निघू शकतो.

वस्तुस्थिती : नाग आणि धामण या दोन स्वतंत्र जाती असून प्रत्येकीत नर व मादी असतात आणि त्यांचा परस्पर संकर होत नाही. धामणीच्या अंड्यांतून धामणीच निघतात, आणि त्या सर्वस्वी बिनविषारी असतात. मात्र नुसत्या अंड्यांवरून जात ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते, म्हणून मादी प्रत्यक्ष पाहिलेली नसेल तर अंडी नागाची आहेत असे गृहीत धरूनच वागावे.

गैरसमज ३ : साप म्हटला की तो अंडी घालणारच.

वस्तुस्थिती : नाग, मण्यार, धामण, तस्कर, दिवड, अजगर हे अंडी घालतात, घोणस, फुरसे, मांडूळ आणि हरणटोळ यांच्या माद्या मात्र जिवंत पिल्लांनाच जन्म देतात. सबब अंड्यांच्या पुंजक्यातून घोणशी निघतील, ही धास्ती निराधार आहे.

गैरसमज ४ : अंडी अधूनमधून फिरवावीत, चिकटलेली असल्यास सुटी करावीत.

वस्तुस्थिती : सर्वांत अधिक हानी करणारा सल्ला हाच होय. पक्षीण आपली अंडी फिरवते हे खरे. पण सापाच्या अंड्यातील गर्भ लवकरच कवचाच्या आतल्या बाजूस वरच्या अंगाला स्थिरावतो, आणि त्यानंतर अंडे उलटे झाले तर तो दगावू शकतो. म्हणून अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या वरच्या बाजूस पेन्सिलीने हलकी खूण करावी आणि तीच बाजू अखेरपर्यंत वर राहील हे पाहावे. कवच चुन्याचे टणक नसून चिवट, चामड्यासारखे असते. त्यातून ओलावा आणि हवा आत जाते, आणि दिवसेंदिवस अंडे किंचित फुगते. ओलसर, परंतु मुठीत दाबली असता पाणी न गळणाऱ्या कोकोपीटमध्ये ती अर्धी पुरून ठेवावीत. थेट अंड्यांवर पाणी शिंपडू नये. एखादे अंडे पिवळे पडले, त्यावर बुरशी आली, तरी त्याला चिकटलेली शेजारची अंडी पुष्कळदा सुखरूप राहतात. ओढून वेगळी करण्यात मात्र कवच फाटण्याचा धोका असतो.

गैरसमज ५ : ऊब जितकी अधिक, तितकी पिल्ले लवकर आणि सुदृढ.

वस्तुस्थिती : ऊब वाढली की मुदत घटते, हे अर्धसत्य आहे. साधारणतः २८ ते ३२ अंश सेल्सिअस हे तापमान मानवते. त्याहून फार चढले तर गर्भ विकृत होतो किंवा मरतो. परभणीचा मे महिना ४० अंशांच्या वर सहज जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर भट्टीच पेटते. तेव्हा येथे प्रश्न ऊब देण्याचा नसून उष्णता आवरण्याचा असतो. जाड भिंतीच्या खोलीचा थंड कोपरा आणि डब्यात एक तापमापक एवढ्याने काम भागते.

गैरसमज ६ : आईने उबवल्यावाचून अंडी फळत नाहीत, आणि अंडी नेली तर नागीण डूख धरते.

वस्तुस्थिती : बहुतेक सर्पमाता अंडी घालून निघून जातात, त्यांचे मातृत्व जागेच्या निवडीतच सामावलेले असते. नागीण पुष्कळदा अंड्यांजवळ थांबते, त्यामुळे तेथे हात घालणे धोक्याचे. पण तो संरक्षणाचा स्वभाव झाला, सूड नव्हे. खरी उबवणूक करते ती अजगराची मादी : ती अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू थरथरवते आणि ऊब निर्माण करते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका भारतीय अजगर मादीवरील अशी निरीक्षणे १९६६ साली प्रसिद्ध झाली.

गैरसमज ७ : मुदत भरली आणि पिल्लू निघाले नाही, तर कवच फाडून त्यास मदत करावी.

वस्तुस्थिती : नागाची अंडी सुमारे ५० ते ७० दिवसांत, धामणीची साधारण दोन महिन्यांत फुटतात, पण ही मुदत कोर्टाच्या तारखेइतकी पक्की नसते. शेवटच्या दिवसांत निरोगी अंड्यांनाही खळगे पडतात. पिल्लू तोंडाच्या टोकावरील अंडदंताने कवचाला चीर पाडते, मुंडके बाहेर काढते आणि पुन्हा आत घेते. कधी एक दिवस, कधी त्याहून अधिक काळ तसेच राहून ते उरलेला बलक शरीरात शोषून घेते. या अवस्थेत त्याला ओढून काढणे म्हणजे त्याची शिदोरीच हिरावून घेणे होय.

गैरसमज ८ : नवजात पिल्लू निर्विष असते, त्याला दूध पाजावे.

वस्तुस्थिती : नागाचे आणि मण्यारीचे पिल्लू जन्मतःच विषारी असते. विषाचे प्रमाण अल्प असले तरी दंश झाल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठलेच पाहिजे. दूध हे कोणत्याही सापाचे अन्न नव्हे. पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्ले बलकाच्या साठ्यावरच राहतात. त्यामुळे त्यांना डब्यात वाढवत न बसता, वनविभागास कळवून, अंडी सापडलेल्या परिसरातच, वस्तीपासून दूर सोडावे.

या सर्व तपशिलांतून निष्पन्न होते ते इतकेच की, सर्पाच्या अंड्याला माणसाची सेवा फारशी लागत नाही. त्याला लागतो तो माणसाचा संयम. कोठे सापडली, कधी सापडली, किती होती, तापमान काय राहिले आणि किती फुटली, एवढ्या नोंदी दप्तरी असल्या तर पहिल्या खेपेचा अनुभव पुढच्याच्या कामी येतो. आणि ही प्रतीक्षा मुळात ओढवूच नये अशी ज्या शेतकऱ्याची इच्छा असेल, त्याने उकिरडा उपसण्याचे आणि गंजी हलवण्याचे काम ज्येष्ठाच्या घाईवर न टाकता फाल्गुनातच उरकावे. तेव्हा बहुतेक माद्यांनी अंडी घातलेली नसतात, आणि सोयाबीनच्या शेतातील उंदरांवर जगणारी धामण आपली जागा आपणच अन्यत्र शोधते.