पुठ्ठ्याच्या पोटातली लाट

"टाकाऊ पुठ्ठ्यापासून चिकटवहीची सजावट. स्वस्तातली. वर्ध्याकडे कुणी करत असेल तर बघून या," असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला हसूच आलं. कुणी करत असेल तर म्हणजे काय, माझी आत्याच करते, केळझरला. जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला कात्र्या वाटण्यात तिची नोकरी गेली. निवृत्त होऊनही तिची कात्री काही म्यान झाली नाही.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यानं निघालं, की सेलू मागे टाकल्यावर केळझर येतं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, सिद्धिविनायक, इथल्या टेकडीवर आहे. हीच महाभारतातली एकचक्रानगरी आणि भीमानं बकासुराला मारलं ते इथंच, असं गाव मानतं. "बकासुराले रोज गाडाभर अन्न लागे," आत्या म्हणाली, "आपल्याले गाडाभर खोके लागतात." किराणा दुकानामागं साबणाची, बिस्किटांची, तेलाच्या पुड्यांची खोकी चपटी करून रचलेली असतात. कबाडी यायच्या आधी ती त्यातली चार-सहा निवडून आणते. निवडण्यात तिचा चांगला अर्धा तास जातो, कारण तिला चित्र किंवा छपाई बघायची नसते. ती खोक्याची कड डोळ्याजवळ धरते आणि आतली लाट बघते.

या लाटेपाशीच मी दोन दिवस अडकले.

साध्या खोक्याच्या भिंतीत तीन थर असतात. बाहेर एक सपाट कागद, आत एक सपाट कागद आणि दोहोंच्या मध्ये नागमोडी मुडपलेला तिसरा. हा तिसरा कागद मुळात खोक्यासाठी जन्मलाच नाही. 1856 साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावायला. पुढं 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सनं तो बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरला. तीन वर्षांनी ऑलिव्हर लाँगनं त्याला सपाट कागदाची पाठ जोडली आणि लाट जागेवर थांबली. लाटेची उंची ठरलेली असते. मोठ्या मालाच्या खोक्यात ती चारपाच मिलिमीटर, नाजूक वस्तूंच्या छोट्या डब्यात दीडच्या आसपास. आत्याला आकडे ठाऊक नाहीत, पण "ही कौलाची" आणि "ही साडीच्या काठाची" अशी तिची स्वतःची प्रतवारी आहे. मला ती जास्त पटली.

आता ती लाट बाहेर काढायची कशी? मी उत्साहानं वरचा कागद ओढला आणि लाटेसकट फाडला. आत्यानं तुकडा माझ्या हातातून काढून घेतला. "घाई कायले करतं तू? भिजू दे ना त्याले." ओला स्पंज तिनं वरच्या कागदावर दोनदा फिरवला, पाणी आत झिरपेल इतकाच, आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत कागद मऊ पडला होता. कोपरा नखानं उचलून तिनं तो पापड पोळपाटावरून सोडवावा तसा तिरका, हळू सोलत नेला. खाली लाट अखंड उभी!

यात जादू नाही, खळ आहे. कारखान्यात हे थर चिकटवतात ते बहुतेक मक्याच्या स्टार्चनं, म्हणजे आपल्या घरातल्या खळीच्याच भाऊबंदानं. पाणी लागलं की तो हात सोडतो. पाणी जास्त झालं तर मात्र लाटही आडवी होते. म्हणून स्पंज, वाटी नाही.

सोललेला तुकडा सावलीत वाळला की त्यातून काय काय निघतं! आडवा कापला की नांगरलेलं शेत, उभा कापला की कौलारू छप्पर. बोटभर रुंद पट्टी घट्ट गुंडाळली की झेंडूचं फूल, सैल गुंडाळली की बैलगाडीचं चाक. उंचवट्यांवरून पातळ चुन्यात बुडवलेलं बोट फिरवलं, की तपकिरी घळींवर पांढऱ्या रेघा उमटतात. वहीच्या पाठीचा, साडीच्या डब्याचा सपाट पुठ्ठा पानांना आणि अक्षरांना. अगरबत्तीच्या पुड्याचा लांब त्रिकोण काडीवर गुंडाळला की मणी. उरलेला चुरा रात्रभर भिजत घालायचा, सकाळी मिक्सरमधून काढायचा आणि पिळून मोदकाच्या साच्यात दाबायचा. गणपती तोंडावर असताना या लगद्याच्या अर्ध्या मोदकांना मुलांच्या वह्यांत भलतीच मागणी असते.

लगदा पाहून मला आजी आठवली. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांचं पीठ घालून ती उपड्या घमेल्यावर थापायची आणि उन्हात वाळवून टोपल्या करायची. त्या टोपलीला कुणी कला म्हणत नव्हतं. तीत लसूण ठेवत.

वर्ध्यात कागदाचा इतिहास सांगायचा तर मगनवाडीला जावंच लागतं. 1934 साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ तिथं सुरू झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. हातकागद हा तिथल्या प्रयोगांपैकी एक. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. आलेली पाकिटं उलटून पाठकोऱ्या बाजूवर लिहिणाऱ्या माणसाचा हा जिल्हा, तेव्हा आत्याचं खोकं वाचवणं काही जगावेगळं नाही. आत्याला मात्र या वारशाचं कौतुक सांगितलं तर ती म्हणते, "शाळेत सामानाले पैसे नव्हते. खोके होते."

तिच्या पोतडीत अडचणीही आहेत, आणि त्या सजावटीपेक्षा जड आहेत.

पहिली फोटोंची. ब्लीच न केलेल्या पुठ्ठ्यात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदात शिरतं. आत्याच्या एका जुन्या वहीत माझ्या वडिलांच्या शाळेतल्या फोटोभोवती तिनं पुठ्ठ्याची चौकट केली होती. फोटोच्या कडेला चौकटीचाच आकार घेऊन चहाच्या रंगाचा पट्टा उमटलाय. त्यानंतर ती मध्ये सुती चिंध्यांच्या हातकागदाचा थर घालते, कारण कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच. पण तो कागद विकत घ्यावा लागतो, आणि मग "स्वस्तातली" हा शब्द जरा अडखळतो. शाळेचा खडू कुटून लावला तर आम्ल मरेल, असं मी सुचवून पाहिलं. ते जमत नाही. बहुतेक खडू जिप्समचे असतात, त्यांच्यानं आम्ल मरत नाही.

दुसरी कसर. खळ तिलाही आवडते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे आणि आत्याच्या अंगणात चिमुकली बोटं असतात. म्हणून तिथं फेविकॉल. सोललेल्या पुठ्ठ्यावरचा मूळचा स्टार्च मात्र तसाच राहतो आणि पावसाळ्यात वह्यांना ऊन दाखवावंच लागतं.

तिसरी अडचण पुठ्ठ्याचीच. रद्दीचा कागद पुन्हा पुन्हा भिजवला, कुटला, की दर फेरीत तंतू आखूड होतात. आपल्याकडच्या खोक्यांचा कागद बराचसा रद्दीतूनच बनतो. "पह्यले खोके सोलले तर आवाज येई," आत्या म्हणते. आता काही खोकी स्पंज लागताच भाकरीच्या काल्यासारखी होतात. वरून छपाई चकचकीत, आत जीव नाही.

आणि चौथी, जिच्यावर तिच्याकडे उपाय नाही. एका झेंडूला, सोलण्यापासून चुना वाळेपर्यंतचा वेळ सोडून, नुसत्या हातकामाला वीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. बाजारात दहा रुपयांना चमकीच्या स्टिकरांचा अख्खा कागद मिळतो. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा पुठ्ठ्याच्या मखरांना दिवस आले. मुंबईत नानासाहेब शेंडकरांच्या 'उत्सवी'नं तर त्याआधीच पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांचं कामच उभं केलं होतं. मखर हजारोंनी विकलं जातं, यंत्रानं कापता येतं. चिकटवहीतल्या फुलाला यंत्र परवडत नाही आणि माणूसही परवडत नाही. बचत गटातल्या दोघी-तिघी आत्याकडे शिकायला आल्या होत्या. हिशेब मांडला आणि पापडाकडे परत गेल्या. आत्याला त्यांचा राग नाही. मला थोडा आला, पण हिशेब त्यांचा बरोबर होता.

निघायच्या दिवशी संध्याकाळी शेजारची पाचवीतली मुलगी धापा टाकत आली. प्रकल्पवही उद्या द्यायची होती, विषय 'आपले सण', वही कोरी. तिनं ताटातला ओला पुठ्ठा बघितला, मग दाराबाहेरचा अंधार बघितला.

"आजी, स्टिकर लावले तर चालते का?"

"लाव ना," आत्या म्हणाली. "पण स्टिकरं ज्या डब्यात आले, तो डबा मले आणून दे."

ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळाली. आत्यानं स्पंज पिळून ताटात ठेवला आणि सकाळी सोललेला तुकडा वाळला का ते बोटानं दाबून बघितलं. अजून दमट होता.