भूल उतरल्यानंतरचे दिवस

‘‘भूल झेपेल ना आईला?’’ छातीचं जुनं दुखणं असलेला पेशंट असला की नातेवाईक मला, भूलतज्ज्ञाला, हेच विचारतात. मला खरी धास्ती असते ती ऑपरेशननंतरच्या चार दिवसांची.

पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेल्या एका आजींचं सांगते. विडी कधी ओढली नाही, पण जन्म चुलीपुढे गेला. त्या धुरानंही सीओपीडी होतो, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. हवा आत जाते, बाहेर पडायला मात्र फार वेळ घेते. व्हेंटिलेटरवर घाईनं श्वास दिले, तर आधीचा पुरता सुटायच्या आत पुढचा शिरतो. छाती फुगत जाते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि बीपी कोसळतं. असं झालं तर आम्ही नळी क्षणभर यंत्रापासून सोडवतो आणि छाती रिकामी होऊ देतो. ही वेळ येऊ नये म्हणून मिनिटाला श्वास कमी ठेवायचे, सोडायला भरपूर वेळ द्यायचा. नंतरचा ऑक्सिजनही बेतानं. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांना ८८ ते ९२ टक्के पातळी पुरते.

पायाचं ऑपरेशन असतं तर पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला असता. जर्मनीत कील इथं ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली अशी भूल दिली, तीही घोट्याच्या ऑपरेशनसाठीच. पित्ताशय मात्र श्वासपटलाच्या जवळ. तिथली जखम दुखते म्हणून माणूस खोकायचं टाळतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो.

आजींना तातडी नव्हती, म्हणून मी मुद्दाम काही आठवडे मागून घेतले. श्वासाच्या औषधाचा पंप नीट ओढायला शिकवला. खोल श्वास ओढायच्या तीन चेंडूंच्या यंत्रावर फिजिओथेरपिस्टनं सराव करून घेतला, पोटाशी उशी धरून खोकायला लावलं. विडी ओढणाऱ्यांना तर ती निदान चार आठवडे आधी सोडा म्हणून मी हात जोडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना खुर्चीत बसवलं, तशी लेक कळवळली, ‘‘पडू द्या की हो जरा!’’ पडून राहिलं की फुप्फुसांचा तळ मिटतो, हे तिला समजावलं. मग तीच आईला धरून वॉर्डात फिरवू लागली.

आणखी एक. ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की पुष्कळजण त्या सकाळी पंपही घेत नाहीत. तो घ्यायचा, आणि थिएटरमध्ये येताना सोबतही आणायचा.